अकरा घरांत राहणाऱ्या बाईस एक घर मिळणेबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती कार्यालय.

अर्जदार: श्रीमती धोंडीबाई देवजी वेखंडे, वय अंदाजे अडुसष्ट, धंदा मजुरी (होती), मु. आंबेखोर, किन्हवलीच्या पुढे. घर क्रमांक: पाळीप्रमाणे.

विषय: अकरा घरांत नाव असलेल्या परंतु स्वतःचे एकही घर नसलेल्या बाईस घरकुल मंजूर करणेबाबत, व ते बांधून होईपर्यंत उपकेंद्रातील नर्सबाईंच्या रिकाम्या खोलीची किल्ली मिळणेबाबत.

संदर्भ: १) माझा गेल्या पावसाळ्यातील अर्ज. २) "अर्जदार कुटुंबासह पक्क्या घरात राहत असल्याने विचार करता येत नाही" हे त्यावर आलेले उत्तर.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून मी खाली सही करणार धोंडीबाई सविनय अर्ज करते की, संदर्भ क्रमांक दोनचे उत्तर मला मिळाले. मी ते स्वतः वाचले. गावात साक्षरतेचा वर्ग निघाला तेव्हा अंगणवाडीच्या अनिताबाईंनी मला शाळेच्या ओट्यावर बसवून लिहायला शिकवले. पाटीवर पहिला शब्द 'घर' दिला होता, कारण त्याला काना नाही, मात्रा नाही, सोपा शब्द आहे. सरकारी भाषा मी महिपतभाऊंच्या घरी उचलली. ते कचेरीत शिपाई होते व अजूनही सुनेला "सदरहू आमटीत मीठ कमी आहे" असे म्हणतात. तरी हा अर्ज माझ्या स्वहस्ते लिहिलेला आहे. चूकभूल माझी समजावी, अनिताबाईंची नाही.

१. आपल्या उत्तरात चूक नाही. कागदावर मी पक्क्या घरात राहते हे खरे आहे. कागदावर मी अकरा पक्क्या घरांत राहते. ते कसे झाले ते साहेबांना कळावे म्हणून पहिल्यापासून लिहिते. अर्ज लांबला तर माफी असावी. मागचा अर्ज एका पानात बसवला होता, त्याचा उपयोग झाला नाही.

२. माझे पती देवजी हे गावच्या विहिरीचा गाळ काढताना गेले. ती विहीर आमची नव्हती, अकरा घरांची होती. आमची झोपडी विहिरीच्या वरच्या अंगाला दुसऱ्याच्या माळावर होती व पाणी मागून भरावे लागे. तरी दरवर्षी उन्हाळ्यात गाळ काढायला तेच उतरत, कारण अंगाने बारीक होते आणि नाही म्हणता येत नसे. त्या वर्षी दरड खाली आली. वर काढले तेव्हा तोंडात चिखल होता. तो मी पदराने पुसला. यापुढचे या अर्जात लिहिण्याची गरज नाही.

३. त्यानंतर मी झोपडीत एकटी राहत होते. मूलबाळ नाही. मजुरीला जात होते, कोणाकडे काही मागितले नाही. पुढे माळाच्या मालकाने माळ मुंबईच्या गृहस्थांना विकला व तिथे बंगला झाला. माझी चूल होती तिथे आता गाडी उभी राहते. त्या गृहस्थांवर माझी तक्रार नाही, त्यांना तिथे कोणी राहत होते हे माहीतही नसेल. वर्षातून दोनदा येतात. एरवी बंगल्यात राखणदार नवसू असतो, आणि तोसुद्धा आत झोपत नाही, बाहेर पत्र्याच्या खोलीत झोपतो. आतल्या खोल्या झाडायला मी दोन वेळा गेले होते. फार घर आहे साहेब.

४. झोपडी मोडली त्या दिवशी मी भांडी पाटीत भरून विहिरीच्या कठड्यावर बसले होते. कुठे जायचे हे ठरत नव्हते, म्हणून बसले होते. तेव्हा राघोभाऊ, जे आमच्या गावात वयाने मोठे आहेत, ते इतर दहा घरच्या कर्त्यांना घेऊन आले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "देवजी आमचे पाण्यापायी गेला. या हिरीचं पाणी आमी पितो तोवर धोंडी उघड्यावर नाय झोपणार. घरागणिक एक म्हयना." अकरा जणांनी विहिरीचे पाणी शेंदून त्यात हात बुडवून शब्द दिला. माझी पाटी राघोभाऊंच्या सुनेने, गोजरने, डोक्यावर घेतली. तेव्हापासून दर अमावस्येला मी घर बदलते.

५. हा शब्द अकराही घरांनी पाळला, हे मी येथे मुद्दाम नमूद करते. नंतर गावात नळ आला. आता त्या विहिरीचे पाणी कोणी पीत नाही, तिच्यात उंबराची पाने कुजतात. शब्द विहिरीच्या पाण्यावर दिला होता, नळाच्या नाही, असे अकरांपैकी एकाही घराने मला ऐकवले नाही. मलाच कधीकधी नळाखाली हंडा लावताना ते आठवते.

६. महिने बारा आणि घरे अकरा. उरलेला महिना वैशाख. तेव्हा शाळेला सुट्टी असते व मला पहिलीच्या वर्गाची खोली मिळते. तो महिना माझा. ओट्याच्या कडेला तीन दगड मांडून मी स्वतःची चूल करते. कोणी म्हणेल, घरोघरी आयते ताट मिळते, मग चुलीचे कौतुक कसले. साहेब, दुसऱ्याच्या घरात माणूस भात कमी जेवतो. कोणी कमी वाढत नाही, आपणच "बास" म्हणतो. वैशाखात मी भात खरपूस लागेपर्यंत चुलीवर ठेवते, कारण मला तळाची खरपूड आवडते. हे गावात कोणाला माहीत नाही. रात्री दाराला आतून कडी घालते. चोर येईल अशी माझ्याकडे वस्तू नाही, पण कडी घालते आणि मग झोपते.

७. आता मूळ मुद्द्यावर येते. दारिद्र्यरेषेची यादी करायला गुरुजी आले ते दिवाळीनंतर, भात खळ्यावर असताना. भले माणूस होते, उन्हात दारोदार फिरले. दर घरी विचारीत, घरात माणसे किती. त्या महिन्यात मी चंदरच्या घरी होते. चंदरने मला धरून आकडा सांगितला, ते बरोबरच होते. पण पुढच्या घरी महिपतभाऊंनीही मला धरले. गुरुजी म्हणाले, ही बाई आताच मागच्या घरात लिहिली. महिपतभाऊ रागावले. "आज तिकडं हाय, म्हणून आमची नाय का? फुडल्या म्हयन्यात हितं येनार हाय, लिवा तिला." नंतर प्रत्येक घरी असेच झाले. आमच्या गावात चढाओढ कशावरूनही लागते, पण माझ्यावरून लागलेली मी तेवढीच पाहिली. गुरुजींनी शेवटी वाद नको म्हणून सगळीकडे लिहिले. मी चंदरच्या खळ्यावर सूप घेऊन भात वारवत होते, मला आवाज ऐकू येत होता. खरे सांगते, त्या दिवशी मला फार बरे वाटले. मी मध्ये जाऊन "मला घर नाही" असे म्हणायला हवे होते. पण अकरा घरे आपल्याला आपली म्हणत भांडत असताना असे कोण म्हणेल? गुरुजी वैशाखात आले असते तर मी पहिलीच्या वर्गात तीन दगडांपाशी सापडले असते आणि यादीत बेघर म्हणून लागले असते.

८. आपल्या कार्यालयातील बाई फार मायेने बोलल्या. शहापूरच्या बाजारपेठेतून चालत आल्याने मला धाप लागली होती, त्यांनी पाणी दिले व स्वतःची खुर्ची दिली. त्यांनी मार्गही सांगितला. अकरा कुटुंबप्रमुखांनी प्रत्येकी लिहून द्यावे की "धोंडीबाई आमच्या कुटुंबातील नाही व आमच्या घरात राहत नाही", म्हणजे माझे नाव त्या घरांतून कमी होईल आणि बेघरात धरता येईल. नियम योग्य आहे. मी आनंदाने गावी परतले. एवढे सोपे असेल असे वाटले नव्हते.

९. अकरांपैकी एकानेही लिहून दिले नाही. चंदर म्हणाला, "काकी, उद्या कोन तो कागद दाखवून म्हनंल, चंदरनं म्हातारीला भायेर काढली. मी तोंड कुठं दाखवू?" महिपतभाऊंनी चष्मा लावून मजकूर वाचला, घडी केली आणि "सदरहू कागद आमच्या हयातीत होणे नाही" असे सांगून परत दिला. राघोभाऊ आता ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांना दिसत नाही, म्हणून त्यांना मी स्वतः वाचून दाखवले. त्यांनी कागद हातात घेऊन चाचपला. मग म्हणाले, "आमी हात बुडवले ते खोटे, असं माज्या हातानं लिवू? नाय गो धोंडी. दुसरं काय बी माग." त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते आणि मीच त्यांची समजूत काढत होते. दुसरे काही मला मागायचे नाही.

१०. मग एवढी माया असताना या बाईला घर हवे कशाला, असे साहेबांच्या मनात येईल. ते कारण मी कोणाला सांगितलेले नाही. आपण परके आहात, म्हणून आपल्याला सांगते.

दिवाळीपासून माझी प्रकृती बरी नाही. पाय सुजतात, दोन पावलांत धाप लागते. किन्हवलीच्या डॉक्टरांनी छातीचे दुखणे सांगितले, गोळ्या दिल्या आणि बरोबर आलेल्या गोजरला बाजूला घेऊन काही सांगितले. गोजर बाहेर आली तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणाली की सगळे ठीक आहे. दुसऱ्या दिवशी गावभर झाले.

आमच्या भागात एक समजूत आहे. ज्या घरातून तिरडी उठते त्या घरात वर्षभर लग्नाचा मांडव घालत नाहीत. मी कोणाच्या भावकीतली नाही, म्हणून सुतक लागत नाही, असे भटजींनी सांगितले आहे. पण समजूत ती समजूत. आणि यंदा अकरांपैकी बऱ्याच घरी लग्ने ठरली आहेत. मुले मोठी झाली. त्यांतली काही मीच मांडीवर घेऊन झोपवलेली आहेत.

कोणी काही बोलले नाही. फक्त पाळी लहान होत गेली. मार्गशीर्षात महिना होता, पौषात पंधरवडा झाला, माघात आठ दिवसांवर आली. प्रत्येक घर मला पुढच्या घरी पोचवताना काहीतरी देते. एकाने घोंगडी दिली, एकाने डिंकाचे लाडू, चंदरच्या बायकोने नवी चप्पल. माझ्याकडे आजवर एवढ्या वस्तू कधी नव्हत्या. त्यांचे बोचके आता मला उचलत नाही, आणि देणाऱ्यांचे तोंड पाहून मलाच लाज वाटते. आपण मरणार म्हणून लाजायचे हे या वयात शिकावे लागले. विहिरीच्या पाण्यात घातलेले हात आहेत ते, साहेब. त्यांना सोडवत नाही आणि धरवत नाही.

११. सध्या मी राघोभाऊंच्या घरी आहे. त्यांची नात रेश्मा, तिची हळद वैशाखात आहे. रेश्माच्या आईने, म्हणजे गोजरने, शिमग्याच्या आदल्या दिवशी माझे पाय चेपता चेपता सुरू केले, "काकी, तुमी आमच्या डोक्यावर हाव. पन रेश्माची हळद..." आणि पुढे तिला बोलता येईना. मीही मदत केली नाही. खरे तर मला राग आला होता. ही पोर मला मुलीसारखी, आणि आता माझ्या मरणाची तारीख विचारते, असे मनात आले. नंतर राग उतरला, कारण तीच गोजर पहाटे उठल्यावर सगळ्यांत आधी माझ्या नाकापुढे हात धरते. मी जागी असते, पण डोळे मिटून पडून राहते. तो हात मायेचा की भीतीचा, हे मला ठरवता येत नाही. दोन्हीचा असावा. हाताला श्वास लागला की ती हळूच "देवा" म्हणते आणि चूल पेटवायला जाते.

त्या हातासाठी मला घर पाहिजे. गोजरला निव्वळ मायेने माझ्याकडे येता यावे, एवढेच.

१२. सबब माझी विनंती पुढीलप्रमाणे आहे.

पहिली विनंती अशी की, मला घरकुल मंजूर व्हावे. जागेची अडचण नाही. विहिरीच्या कडेची जागा ग्रामपंचायतीची आहे, तिथे आता कोणी फिरकत नाही, आणि ती देण्याचा ठराव झालेला आहे. एक खोली पुरे. दाराला आतून कडी असावी व चुलीच्या वर धूर जायला जागा असावी, एवढे मिस्त्रीला सांगावे. देवजींना जिथून वर काढले ती जागा दारातून दिसेल. त्याने मला त्रास होणार नाही, सोबतच होईल.

दुसरी विनंती तातडीची आहे. घरकुलास वेळ लागतो हे मला समजते. तोपर्यंत गावातील आरोग्य उपकेंद्रातील नर्सबाईंच्या खोलीची किल्ली मला द्यावी. नर्सबाईंना मुलांच्या शाळेसाठी शहापुरास राहावे लागते, त्यांचा यात दोष नाही. खोलीत सध्या फवारणीचे पंप व एक मोडकी खाट आहे. पंप मी पुसून ठेवीन. ती खोली सरकारी आहे, हे तिचे मोठे सुख. तिथे माझे काही बरेवाईट झाले तर कोणाचा मांडव अडणार नाही. सरकारला सुतक नसते.

तिसरी विनंती माझी नाही. धसईच्या बाजारात भाजीच्या रिकाम्या मांडवांखाली लहानी नावाची बाई झोपते. मजुरीला गेले होते तेव्हा तिची ओळख झाली. बाजाराच्या दिवशी ती पाट्या उचलते, तेव्हा ती कामावरची बाई दिसते. बाजार उठला की ती कोणालाच दिसत नाही. शहरात बेघर माणूस रस्त्यावर दिसते, म्हणून त्याची मोजणी होते. आमच्याकडे ते कोणाच्या ओटीवर, गोठ्यात, देवळात किंवा मांडवाखाली असते, आणि विचारले तर जवळचा माणूस अब्रूपोटी सांगतो की आमचेच आहे. तरी पुढची यादी करताना "घरात माणसे किती" याबरोबर "हिची चूल कोणती" असेही विचारण्यात यावे. माझे घरकुल मंजूर होईपर्यंत मी नसले, तर ते रद्द करू नये, लहानीला द्यावे. ती धसईची आहे, म्हणजे तालुका मुरबाड, आपल्या हद्दीबाहेर, हे मला ठाऊक आहे. काहीतरी करून द्यावे.

येथवर वाचलेत, हे आपले उपकार आहेत. उत्तर वैशाखाच्या आत यावे. ते कोणत्याही घरी टाकले तरी मला मिळेल, पोस्टमनला पाळी माहीत असते.

आपली नम्र, व सध्या राघोभाऊंच्या ओटीवर बसलेली,

(सही) धोंडीबाई देवजी वेखंडे
आंबेखोर, दि. ५ मार्च २००७

सोबत:
१) विहिरीकडेच्या जागेबाबत ग्रामपंचायतीच्या ठरावाची नक्कल.
२) डॉक्टरांची चिठ्ठी.
३) अकरा कुटुंबप्रमुखांचे जबाब. हे जोडलेले नाहीत, कारण ते कोणी देत नाही. त्याऐवजी माझा एकटीचा जबाब खाली लिहून देत आहे, तो अकरांच्या ऐवजी धरावा.

जबाब

मी, धोंडीबाई देवजी वेखंडे, शुद्धीवर राहून व कोणाच्या दबावाशिवाय लिहून देते की, आंबेखोर येथील राघो, महिपत, चंदर व इतर आठ, अशा अकरा घरांपैकी एकाही घराची मी कोणी नाही. ही माणसे माझी कोणी लागत नाहीत. त्यांनी मला आपले म्हणून सांगितले ते गैरसमजाने सांगितले. त्यांच्या घरात माझे नाव आहे ते कमी करावे.

हा जबाब लिहीत असताना गोजरने माझ्यापुढे दोनदा चहा आणून ठेवला. पहिला निवला म्हणून तिने तो न विचारता उचलून नेला आणि दुसरा केला. आता तोही निवला आहे. ती दारात उभी आहे आणि काय लिहिता म्हणून विचारते आहे. तिला वाचता येत नाही, म्हणून मी तिला सांगितले की लग्नाला कोणाकोणाला बोलवायचे ते लिहिते आहे. ती म्हणाली, "काकी, पयलं नाव तुमचं लिवा."

(सही) धोंडीबाई